प्लॅस्टर गार होईपर्यंत

कवळीताईला खरं नाव होतं, पण ते विजेच्या बिलापुरतं उरलं होतं. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत एकोणतीस वर्षं बसून कवळ्या केल्यावर माणसाचं दुसरं काय होणार? पुढच्या खोलीत डॉक्टर तोंडाचं माप घ्यायचे आणि मागे पाठवायचे. ताई त्या मापात प्लॅस्टर ओतून जबड्याचा साचा काढायची, साच्यावर मेण चढवायची, मेणात दात मांडायची. गावातले निम्मे म्हातारे तिने दिलेल्या दातांनी हसायचे आणि उरलेले तिच्या नावाने बोटं मोडायचे, कारण नवी कवळी पहिले काही दिवस टोचतेच.

ताईचा हात सोन्याचा, पण स्वभाव उतावळा. ओतलेलं प्लॅस्टर दहाएक मिनिटांत आपलं आपण गरम व्हायला लागतं, मग हळूहळू गार होतं, आणि गार झाल्याशिवाय ते मापातून सोडवायचं नसतं. हा या धंद्याचा पहिला धडा. ताई तो इतरांना शिकवत आली आणि स्वतः दर पंधरवड्याला साच्याची एखादी कड मोडत आली. मोडली की म्हणायची, प्लॅस्टरच वाईट आलंय. डॉक्टर नुसते हं म्हणायचे. एकोणतीस वर्षांत किती प्लॅस्टरं वाईट निघाली याचा हिशोब त्यांनी कधी मागितला नाही, भला माणूस.

देवाशी तिचं नातं लांबच्या आत्याशी असतं तसं होतं. लग्नकार्याला, आजारपणाला आठवण यायची, एरवी सगळं ठीक आहे असं धरून चालायचं. त्यात तिला काही वावगंही वाटत नव्हतं. मग एके दिवशी लेकीचा फोन आला.

लेक नऊ तासांच्या अंतरावर, दुसऱ्या शहरात. लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोनदा दिवस गेले, आणि दोन्ही वेळा चौथा महिना सरायच्या आत सगळं हातातून निसटलं. दुसऱ्या वेळेनंतर तर तिने वर्षभर त्या विषयाचं नावच काढलं नव्हतं. आता पुन्हा तिसरा महिना लागला होता.

"आई, एक मागू?"

"माग की."

"तू रोज माझ्यासाठी देवाला सांगशील? मी सांगायला बसले की मला नुसती भीतीच वाटते. तोंडातून शब्द निघत नाही. माझ्या वाटचं तू सांग."

"सांगते. त्यात काय एवढं."

"रोज हं, आई."

"रोज," ताई म्हणाली. जिभेला काय, हाड थोडंच असतं.

करायचं तर दणक्यात करायचं, हा ताईचा खाक्या. वरच्या मजल्यावर एक नर्स राहायची, तिच्याकडून तिने प्रार्थनांचं एक पुस्तक मागून आणलं, चांगलं एकशे बारा पानांचं. पहाटे पाचचा गजर लावला. रोज एक तास बसायचं ठरवलं. नवरा पाण्याच्या टाकीवर पंप चालवायचा, त्याची पाळी आठला सुरू व्हायची. गजर वाजल्यावर तो पांघरुणातूनच म्हणाला, "अगं, देव तरी उठला असेल का एवढ्यात? त्याला झोपू दे की जरा."

पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी नवव्या पानावर तिचं डोकं टेबलाला टेकलं ते साडेसहालाच वर आलं. तिसऱ्या दिवशी ती जागी होती, पण तोंड पुस्तकात आणि मन दवाखान्यात. एका बाईंची खालची कवळी जिभेला लागत होती, ती कुठे कमी करावी याचा विचार करता करता तिने अठरा पानं वाचून काढली. त्यातलं एक वाक्य विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. चौथ्या दिवशीही कसंबसं रेटलं. पाचव्या दिवशी हाताने गजर कधी बंद केला ते हातालाच ठाऊक.

आता दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, एक दिवस राहिला, असो. ताईने सहाव्या दिवशी दोन तास लावले. कालचा एक, आजचा एक. कंबर धरली, नाश्ता राहिला, नवऱ्यावर डाफरली, दवाखान्यात उशिरा पोचली आणि घाईत प्लॅस्टरमध्ये पाणी जास्त घातलं. साचा असा भुसभुशीत निघाला की नखाने उकरता यावा. सातव्या दिवशी बसायचं त्राण नव्हतं. आठव्या दिवशी हिशेब पुन्हा दोन तासांवर गेला, तेव्हा तिने गजर लावलाच नाही. बेसिनमध्ये खरकटी भांडी साचली की स्वयंपाकघरात पाऊल टाकावंसं वाटत नाही, तसं झालं. पुस्तक आधी टेबलावरून फळीवर गेलं आणि फळीवरून साखरेच्या डब्यामागे.

पण रोज संध्याकाळी लेकीचा फोन यायचा.

"आज केलीस ना, आई?"

"केली गं."

पहिल्यांदा हे म्हणताना तिची कानशिलं गरम झाली. दुसऱ्यांदा थोडी. चारपाच दिवसांनी तर ती वर मीठमसालाही लावायला लागली. आज किती शांत वाटलं म्हणून सांग, आज मन अगदी लागलं होतं. खोटं बोलायची तिला हौस नव्हती. पण 'केली गं' म्हटलं की पलीकडे लेक एक लांब श्वास सोडायची आणि म्हणायची, "मग मी झोपते आता." तो श्वास ऐकून ताईला वाटायचं, तिला झोप लागतेय ना, मग बाकीचं माझं मी बघेन. उद्यापासून नक्की बसेन. असे सोळा दिवस गेले.

सतराव्या दिवशी सकाळी सातलाच फोन वाजला. संध्याकाळचा फोन सकाळी आला, यातच ताईला काय ते कळलं.

"घाबरू नकोस," लेक म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "थोडं रक्त गेलंय. ॲडमिट केलंय मला. सासूबाई इथेच आहेत. डॉक्टर म्हणतात बाळाचा ठोका लागतोय, पण दोन दिवस हलायचं नाही. मग बघू म्हणतात."

"आम्ही निघतो."

"या. पण धावत नका येऊ." मग ती म्हणाली, "आई, तू करतेयस ना रोज?"

"करतेय गं," ताई म्हणाली.

नवऱ्याने संध्याकाळच्या बसची दोन तिकिटं काढली आणि पाळी बदलून घ्यायला टाकीवर गेला. ताईने पिशवी भरली, मग घर खायला उठलं. तिथे बसून भिंतींकडे बघण्यापेक्षा दोन कामं उरकून येऊ म्हणून ती दवाखान्यात निघाली. वाटेत तिला स्वतःची शिसारी आली. हे तुझ्यामुळे झालं का, असं कोणी तोंडावर विचारलं असतं तर ती चारचौघींसारखी नाही म्हणाली असती. बसायला चुकलं म्हणून कुणाचं रक्त जात नाही, एवढी अक्कल तिला होती. पण विचारणारं कोणी नव्हतं, आणि आतलं मन अकलेचं ऐकत नव्हतं. ते एकच घोकत होतं. पोरीने एवढं एक मागितलं होतं. एवढं एकच.

दवाखान्यात मागच्या खोलीच्या दाराशी मास्तर बसले होते. मास्तर म्हणजे निवृत्त हेडमास्तर. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांना नियम शिकवले, आणि आता म्हातारपणी एकही पाळायचा नाही असं ठरवलं असावं. पाच दिवसांपूर्वी ताईने त्यांना वरखाली पूर्ण कवळी दिली होती. पहिल्या दिवशी थोडा वेळ घाला, रोज थोडा थोडा वाढवा, टोचलं तर माझ्याकडे या, घरी काही उद्योग करू नका. हे ती प्रत्येकाला सांगायची. दाताच्या कण्या केल्या तरी शंभरात दोघे ऐकायचे.

मास्तरांनी शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, रुमालातून कवळी काढली आणि परीक्षेत कॉपी सापडलेल्या पोरासारखी टेबलावर ठेवली. ताईने ती उजेडात धरली. डाव्या बाजूची कड ओरखड्यांनी भरली होती.

"हे कोणी घासलं?"

"थोडंसंच," मास्तर म्हणाले. दात नसल्याने त्यांचे गाल आत गेले होते आणि त्यामुळे ते जास्तच गरीब दिसत होते. "हिची नखं घासायची कानस होती."

"मास्तर."

"अगदी थोडंसं."

"घालत किती वेळ होतात?"

"पहिल्या दिवशी दहा मिनिटं घातली. टोचली, म्हणून काढून कपाटात ठेवली. मग तीन दिवस तशीच राहिली. काल म्हटलं उद्या ताईकडे जायचंय, ती विचारणार. म्हणून सगळं एकदम भरून काढलं. सकाळपासून झोपेपर्यंत घातली." त्यांनी ओठ वर करून दाखवला. हिरडी लालबुंद होऊन सुजली होती. "आता पाणीसुद्धा गिळवत नाही."

ताईचा सकाळपासूनचा सगळा राग त्या बिचाऱ्या मास्तरांवर निघाला. "चार दिवसांचं एका दिवसात भरून काढलंत? अहो, हिरडी आहे ती, शाळेचा पोर्शन नाही. राहिलेला धडा जादा तास घेऊन उरकता येतो. सवय अशी जादा तासाला लागते का? नाही घातली तीन दिवस, नाही घातली. संपला विषय. चौथ्या दिवशी पुन्हा दहा मिनिटं घालायची होती, पहिल्यासारखी. राहिलेलं भरून काढायला जाता, म्हणून तर रक्त निघतं, मग भीती बसते आणि मग ती कवळी जाते साखरेच्या डब्यामागे."

"कपाटात," मास्तर म्हणाले.

आपण काय बोललो ते ताईला आत्ता कुठे ऐकू आलं. कोणीतरी मागून येऊन कान धरावा तशी ती जागच्या जागी उभी राहिली. मास्तर तिच्याकडे बघत होते, अजून किती बोलणी खायची आहेत याचा अंदाज घेत.

"बरं," ती शेवटी म्हणाली, आवाज खाली आणून. "कुठे टोचतंय?"

"सगळीकडेच."

"सगळीकडे नसतं, मास्तर. वाटतं तसं. सगळं तोंड पेटलंय असं वाटतं, पण मूळ जागा एकच असते. घाईने सांगू नका. बोट ठेवून दाखवा."

मास्तरांनी डोळे मिटले. बोट आधी डावीकडे नेलं, मग मागे नेलं, मग बराच वेळ चाचपून उजवीकडे, पुढच्या बाजूला एका ठिकाणी ठेवलं आणि कळवळले. "ही. हीच ती."

ताईने तिथे जांभळ्या पेन्सिलीने ठिपका केला, कवळी कोरडी करून तोंडात बसवली आणि काढली. ठिपका कवळीच्या आतल्या बाजूला उमटला. उजवीकडे. मास्तरांनी कानस चालवली होती डावीकडे. ते नको त्या जागी घासत बसले होते, बिचारे. ताईने मशीनवर तो ठिपका मोहरीएवढा उतरवला, कड गुळगुळीत केली, धुऊन कवळी परत दिली.

मास्तरांनी भीत भीत दात मिटले. मग पुन्हा मिटले. त्यांचे खांदे खाली आले. एवढा वेळ ते कानापर्यंत चढलेले होते हे तेव्हा समजलं.

"गेलं," ते म्हणाले. "अहो, गेलं की."

"हिरडीची सूज आहे, ती जाईल दोन दिवसांत. आज फक्त दहा मिनिटं घाला."

"दहा मिनिटं पुरे आहेत मला. हिचे डोळे गेल्यापासून सकाळी मी हिला पेपर वाचून दाखवतो. माझे दात गेल्यापासून वाचतो एक आणि ती ऐकते भलतंच. परवा मंत्र्यांच्या भाषणाला पोट धरून हसली." मास्तर उठले. "बातम्यांपुरती दहा मिनिटं चालतील."

ते गेल्यावर ताई टेबलाशी आली. पुढून एक खालच्या जबड्याचं माप येऊन पडलं होतं. तिने वाटीत पाणी घेतलं, प्लॅस्टर घातलं, घोटलं, बुडबुडे काढून मापात ओतलं आणि ते बाजूला ठेवलं. एरवी या वेळात ती वाट्या विसळायची, कोणाला तरी फोन लावायची, मेण तापवायची, आणि सहाव्या मिनिटाला प्लॅस्टरला बोट लावून बघायची. आज तिने वाटी धुतली आणि स्टुलावर बसली. ओले हात मांडीवर ठेवले. पुस्तक घरी होतं, साखरेच्या डब्यामागे, आणि त्यातलं एक अक्षर तिला पाठ नव्हतं. सुरुवात कशी करतात तेही सुचेना.

मग तिने स्वतःला त्याच आवाजात विचारलं, ज्या आवाजात ती गेली एकोणतीस वर्षं सगळ्यांना विचारत होती. कुठे टोचतंय?

सगळीकडे, असंच उत्तर आलं. लेकीचं रक्त, तिचा बारीक झालेला आवाज, ती दोन गेलेली बाळं, नऊ तासांचा रस्ता. ताईने घाई केली नाही. चाचपत राहिली. आणि एका जागेशी आल्यावर ती कळवळली.

समोरच्या फळीवर चाळीसेक लोकांचे प्लॅस्टरचे जबडे रांगेने आ वासून बसले होते. त्यांच्यासमोरच ती बोलली, मोठ्याने नाही, पण तोंडाने बोलली. "देवा, मी खोटं बोलले. पोरगी माझ्या भरवशावर झोपत होती आणि मी काहीच करत नव्हते. हे तिला सांगायची मला भीती वाटते. आणि माझ्यामुळे तिचं बाळ जाईल अशी भीती वाटते. ते बाळ राहू दे. मला बाकी काही येत नाही."

झालं. एक मिनिटसुद्धा लागलं नाही. एकशे बारा पानांत तिला जे सापडलं नव्हतं ते सहा वाक्यांत संपलं, आणि आता प्लॅस्टरची नऊ मिनिटं उरली होती. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती बसून राहिली. तिला रडू आलं, ते तिने येऊ दिलं. थोड्या वेळाने तिने मापाखाली तळहात ठेवला. प्लॅस्टर गरम व्हायला लागलं होतं. गेली कित्येक वर्षं ती ते बोटाने तपासत आली होती, हात ठेवून बसली कधीच नव्हती. बरं वाटलं तिला. सकाळपासून पहिल्यांदा तिचा श्वास पोटापर्यंत गेला.

मग तिने फोन लावला. हेही घाईत केलं असतं तर जमलं नसतं.

"आई? निघालात का?"

"संध्याकाळी निघतोय. ऐक, मला एक सांगायचंय. तू चिडशील, चिड. मी खोटं बोलले तुझ्याशी. सुरुवातीचे दिवस बसले, त्यात एकदा झोपून गेले. त्यानंतर काही केलंच नाही. सोळा दिवस. तू विचारायचीस आणि मी आपलं केली केली म्हणायचे. आज सकाळीही खोटंच बोलले."

ताईने डोळे मिटून घेतले. मग पलीकडून हुंदका ऐकू आला, आणि त्या हुंदक्यात मध्येच काहीतरी वेगळं मिसळलं. लेक रडता रडता हसत होती.

"म्हणजे तू सांगितलंच नव्हतंस त्याला?"

"नाही गं."

"आई, मी सकाळपासून इथे पडून काय विचार करतेय माहितेय? आई एवढी रोज बसते. एवढी शांत वाटते म्हणते. आणि तरी हे झालं. म्हणजे त्याने सगळं ऐकून घेऊन नाही म्हटलंय. आता मागायलाही काही उरलं नाही." तिने नाक ओढलं. "सकाळपासून मी त्या छताकडे बघून हेच म्हणतेय. आणि तू म्हणतेस, अर्ज अजून गेलाच नाही."

"गेलाच नव्हता," ताई म्हणाली. "आत्ता दिला. दहा मिनिटांपूर्वी."

हे ऐकून लेक जी हसायला लागली ती थांबेना. "अगं, हसू नकोस," ताई म्हणाली, "तुला हलायचं नाही सांगितलंय," आणि तिला स्वतःलाच हसू फुटलं. सोळा दिवस छातीवर जे दगडासारखं बसलं होतं ते उतरलं, आणि ते ज्या पोरीपासून लपवलं तिनेच हात लावून उतरवलं. ताईला त्या क्षणी आपली लेक आपल्यापेक्षा मोठी वाटली.

"चिडले आहे हं मी," लेक डोळे पुसत असावी. "नंतर चिडेन. काय म्हणालीस त्याला?"

"ते राहू दे. आधी तू सांग. तुला कुठे टोचतंय?"

"म्हणजे?"

"सगळीकडे म्हणू नकोस. एक जागा सांग. बोट ठेवून."

फोनवर खूप वेळ काही आलं नाही. ताई थांबली. थांबता येतं हे तिला नुकतंच कळलं होतं.

"मला हे बाळ हवंय," लेक म्हणाली. "आणि हवंय म्हणायची भीती वाटते. मागच्या दोन्ही वेळा मी म्हटलं होतं."

"मग तेच म्हण त्याला. भीतीसकट म्हण."

"एवढंच?"

"एवढंच. मग दहा मिनिटं गप्प पडून राहा. फोन ठेवू नकोस, मी आहे."

लेक हळू आवाजात काहीतरी पुटपुटली. ते तिच्या आईला उद्देशून नव्हतं, म्हणून ताईने ऐकायचा प्रयत्न केला नाही. मग दोघी गप्प झाल्या. दवाखान्याच्या पुढच्या खोलीत मशीन घरघरत होतं, फोनमध्ये दूरवर कुठेतरी ट्रॉलीची चाकं वाजत होती. डॉक्टरांनी दारातून डोकावून पाहिलं. ताई फोन कानाला लावून, एक हात मापावर ठेवून, एक अक्षर न बोलता बसलेली. एकोणतीस वर्षांत त्यांनी असं दृश्य पाहिलं नव्हतं.

"कोण बोलतंय?" त्यांनी खुणेने विचारलं.

"कोणी नाही," ताई हळूच म्हणाली.

डॉक्टरांनी मान हलवली आणि दार ओढून घेतलं.

दोन दिवसांनी रक्त थांबलं. आठवड्याने तपासणी झाली, बाळ जागेवर होतं. ताई आठ दिवस लेकीकडे राहून परत आली. हे प्रार्थनेमुळे झालं, झोपून राहिल्यामुळे झालं की विहीणबाईंनी केलेल्या सेवेमुळे, या भानगडीत ती पडली नाही. जे झालं ते बरं झालं, तिच्यापुरतं तेवढं पुरे होतं.

पुस्तक तिने नर्सला परत दिलं. गजरही लावणं सोडलं. रोजचं पहिलं प्लॅस्टर ओतलं की वाटी धुवायची, स्टुलावर बसायचं, आणि कुठे टोचतंय ते सांगायचं. प्लॅस्टर गरम झालं की उठायचं. कधी सांगायला खूप असायचं, कधी वाक्यभर. कधी ती नुसती खालच्या कवळीचाच विचार करत बसायची, मग तेच सांगून टाकायची. सुट्टीच्या दिवशी, प्रवासात, सर्दीने डोकं धरलं तर राहूनही जायचं. संध्याकाळी लेक विचारायची, "आज केलीस?" आणि ताई म्हणायची, "आज राहिली गं." लेक म्हणायची, "बरं. माझी झाली." यावर दोघींपैकी कोणीही दुसऱ्या दिवशी दुप्पट बसलं नाही. रोजच्या चहासारखं ते घरात शिरलं, एखाद्या दिवशी नसला तरी उद्या असणारच असं.

पाचव्या महिन्याचा पहिला दिवस आला तेव्हा ताईने धुतलेली वाटी तीनदा धुतली. सहावा लागला तेव्हा तिने डॉक्टरांना पेढ्याऐवजी केळी आणून दिली, कारण पेढे आत्ताच कशाला. तिच्या टेबलावर आणखी एक गोष्ट झाली होती, ती आधी डॉक्टरांच्या लक्षात आली.

"ताई, अलीकडे प्लॅस्टर चांगलं येतंय वाटतं," ते म्हणाले. "दोन महिने झाले, एक कड मोडली नाही."

"कंपनीने सुधारलं असेल," ताई म्हणाली.

नात झाली ती दिवस पूर्ण भरून, पावणेतीन किलोची, आणि आवाज असा की वॉर्डातल्या बाकीच्या बाळांनी तिच्याकडून शिकावं. ताईने तिला मांडीवर घेतलं. पोरीने रडायला तोंड उघडलं आणि ताईची नजर सवयीने आधी आत गेली. खालीवर कोऱ्या, गुलाबी, ओल्या हिरड्या. तिने आजवर हजारो हिरड्या पाहिल्या होत्या, आणि कुठे ना कुठे टोचत नाही अशी एकही तिच्यापुढे आली नव्हती. ही पहिलीच. तिने लेकीकडे पाहिलं. लेक उशीला टेकून तिच्याचकडे बघत होती, दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायचं तिला भान नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "मी म्हटलं होतं हवंय म्हणून."

"ऐकलं मी," ताई म्हणाली. खरं तर लेक त्या दिवशी देवाशी जे पुटपुटली, तेवढं एक तिने ऐकलं नव्हतं.

महिन्याने ती कामावर परत निघाली, तेव्हा नवरा बूट घालता घालता म्हणाला, "आता काय मागणार त्याच्याकडे? गरज सरली. त्यालाही जरा सुट्टी दे."

ताई हसून बाहेर पडली, पण वाटेत तिलाही तोच प्रश्न पडला. दवाखान्यात पोचल्यावर तिने एप्रन बांधला, पहिलं माप ओतलं, वाटी धुतली आणि स्टुलावर बसली. कुठे टोचतंय, तिने विचारलं. चाचपून पाहिलं, डावीकडे, मागे, उजवीकडे. प्रामाणिकपणे पाहिलं. आज कुठेच टोचत नव्हतं. सांगायला काहीच नव्हतं.

दहा मिनिटांनी प्लॅस्टर गरम झालं, तरी ती उठली नाही. तळहात तसाच ठेवून ते पूर्ण गार होईपर्यंत बसून राहिली.